शिंदळ माकुडीची नावं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. जुन्नरच्या कड्यावरची ती मांसल खोडाची, काळपट-तांबड्या फुलांची वनस्पती शिंदळ माकुडीच आहे. फुलावरचे पिवळे ठिपके आणि खोडावरची ती चांगली रुंद पानं पाहिली की शंका उरत नाही. तिच्या भावकीत बाकी सगळ्यांची खोडं जवळजवळ उघडीच असतात.

तू चिडून लिहिलं आहेस, की एका पुस्तकात हिचं नाव फ्रेरिया इंडिका, दुसऱ्यात कॅरालुमा फ्रेरी, तिसऱ्यात बूसेरोसिया फ्रेरी, आणि एक मित्र सांगतो की आता ही सेरोपेजियात, म्हणजे खरपुडीच्या वंशात गेली. ‘शास्त्रीय नाव कायमचं असतं असं शाळेत शिकवलं होतं, मग हे काय?’ असं विचारलं आहेस. याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण तुला सापडलेल्या दुसऱ्या झाडाला आजीचं नाव कसं द्यायचं, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज), एवढं लक्षात ठेव.

डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये हिचं वर्णन केलं. ही इतकी वेगळी दिसते की तिच्यासाठी त्याने अख्खा नवा वंश काढला आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला दिलं. पुढे फुलांच्या रचनेवरून काही अभ्यासकांना वाटलं, पानं सोडली तर ही माकडशिंगीच्याच वंशातली, म्हणजे कॅरालुमा. तिला तिकडे हलवायचं ठरलं, तर तिथे ‘इंडिका’ नावाची जाती आधीच नांदत होती. एका वंशात दोन जातींना एकच नाव चालत नाही. पूर्वी सासरी त्याच नावाची जाऊ असली की नव्या सुनेचं नाव बदलत, तसंच झालं. ‘इंडिका’ गेलं आणि गव्हर्नरसाहेब वंशाच्या जागेवरून जातीच्या जागेवर आले. नंतर डीएनए वाचता येऊ लागला, भावकीची मांडणी पुन्हा बदलली आणि तुझ्या यादीतली पुढची दोन नावं आली. याच लाटेत रुईचं आख्खं कुल, म्हणजे वंशांचा मोठा गट, कण्हेरीच्या कुलात विलीन झालं, हे तुला ठाऊक असेलच.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात. कोण कुणाचं नातेवाईक हे ठरवणं म्हणजे वर्गीकरण. ते मत आहे. पुरावा बदलला की मत बदलायलाच हवं. एकदा मत ठरलं की नाव कोणतं वापरायचं, हे नियम सांगतात. तिथे मताला वाव नाही. वनस्पतींसाठी १७५३ आणि प्राण्यांसाठी १७५८ ही सुरुवातीची वर्षं धरली आहेत, दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसच्या दोन ग्रंथांमुळे. त्यानंतर नियमाप्रमाणे जे नाव आधी छापलं गेलं त्याचा हक्क पहिला. प्राण्यांत वंश आणि जाती यांचं नाव एकच चालतं. आपला नाग नाजा नाजा आहे, आणि ते ‘नाजा’ आपल्याच ‘नाग’ शब्दावरून गेलेलं. वनस्पतींत असं दुहेरी नाव बाद ठरतं.

(शब्दांचंही एकदा बोलून घेऊ. वर्तमानपत्रं सरसकट ‘प्रजाती’ लिहितात. कुणाला त्यातून वंश अभिप्रेत असतो, कुणाला जाती. तू लिहिताना वंश आणि जाती हेच शब्द ठेव, वाचणाऱ्याची फसगत होत नाही.)

आता तुझी दुसरी वनस्पती. ती नवी जाती आहे असं तुला वाटतं आणि आजीचं नाव द्यायचं आहे. भावना मला फार आवडली. स्त्रीचं नाव असेल तर शेवटी ‘ए’ हा लॅटिन प्रत्यय लागतो, पुरुषाचं असेल तर ‘ई’. स्वतःचं नाव द्यायला नियमांत बंदी नाही, पण तशी रीत नाही. हे सगळं मात्र शेवटच्या दिवसाचं काम आहे.

मी तुझ्या वयाचा असताना मलाही एक खरपुडी ‘नवी’ सापडली होती. पाकळ्यांची टोकं वेगळी, कंदिलासारख्या फुलाची नळी लांब. दोन पावसाळे मी त्यात घालवले, नावही ठरवून ठेवलं. मग एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, वेगळ्याच कामासाठी गेलो असताना कागदावर चिकटवलेल्या नमुन्याची एक जुनी, पिवळी पडलेली शीट हाती आली. माझंच झाड होतं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गोळा केलेलं. मी फक्त पुस्तकातल्या वर्णनांशी ताडून पाहिलं होतं, मूळ नमुन्यांशी नाही.

नाव शेवटी बांधलेलं असतं ते त्या मूळ नमुन्याला, म्हणजे नाव देताना आधार धरलेल्या नमुन्याला. वर्णन अपुरं असू शकतं, चित्र चुकू शकतं. वाद झाला की प्रत्येक जण त्या एका शीटकडे परत जातो. सह्याद्रीतल्या कितीतरी जातींचे मूळ नमुने लंडनजवळ क्यूला आहेत. आमच्या वेळी पत्र पाठवून महिनोन्महिने वाट पाहावी लागे. तुला आता त्यांची छायाचित्रं घरबसल्या दिसतात, तेव्हा आळस करू नकोस. आधी त्या वंशातल्या इकडच्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना बघ, मग मुंबईला ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह गाठ. एकाच झाडावर विसंबू नकोस. सावलीतलं आणि उन्हातलं झाड वेगळं दिसतं. वेगवेगळ्या कड्यांवरची मोज. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही वनस्पतींसाठीची अट २०१२ पासून गेली, इंग्रजीही चालतं. तेवढा त्रास तुला नाही.

नमुना घेताना वनखात्याची परवानगी आधी. कंद उपटायचा नाही, एक फांदी पुरते. फुलं अल्कोहोलमध्ये ठेव, कारण रद्दीत दाबली की नळीचा आकार जातो. रंग आणि वास तिथेच वहीत लिही, वाळल्यावर दोन्ही उरत नाहीत. आणि नेमकी जागा कुठेही टाकू नकोस. दुर्मीळ झाडाची जागा जाहीर झाली की पुढच्या वर्षी तिथे खड्डे दिसतात; मी पाहिले आहेत.

तुझ्या लेबलच्या फोटोत उंची, तारीख, खडक, सगळं आहे. ‘स्थानिक नाव’ ही ओळ मात्र कोरी आहे. ती कोरी बघून मला वाईट वाटलं. १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला ‘हॉर्टस मलाबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला खंड छापला गेला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची साक्ष देवनागरीत छापली आहे. केरळातल्या इट्टी अच्युतन यांच्यासारख्या वैद्यांनी सांगितलेली नावं आणि उपयोग त्या ग्रंथात आले. लिनियस कधी हिंदुस्थानात आला नाही. इथल्या अनेक वनस्पतींना त्याने नावं दिली ती त्यातली चित्रं बघून. काही जातींचा मूळ नमुना म्हणून आज त्या चित्रांकडेच बोट दाखवतात.

तू लिहिलंस की आजीनेच तुला ते झाड पहिल्यांदा दाखवलं. मग ती त्याला काय म्हणते? पाल्याची भाजी करतात का, गुरांना चारतात का, तेही विचार. तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून मला कळव. तोवर मी माझ्याकडच्या शीटा काढून ठेवतो.

तुझा,
सर