काळवंडलेलं नाणं घासण्याआधी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. चांदीचं नाणं काळं पडलंय, टूथपेस्टने घासू का, असं विचारलंयस. घासू नकोस. बाकीचं पत्र वाचायचा कंटाळा आला तरी चालेल, पण एवढं ऐक. नाण्यांचं सर्वांत जास्त नुकसान चोर करत नाहीत, मालक करतात, आणि तेही मोठ्या हौसेने.

का नको, ते सांगतो. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या अंगावर राहतात. खोलीतले बाकीचे दिवे बंद कर, एकच दिवा ठेव, न वापरलेलं नाणं कडेने धर आणि सावकाश तिरकं करत फिरव. उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरताना दिसतील. ही खरी झळाळी. आता एखादं घासलेलं नाणं तसंच फिरवून बघ. चकाकेल भरपूर, पण पट्टा फिरणार नाही. भिंगाखाली चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे दिसतील, सगळे एकाच दिशेने, कारण हातही एकाच दिशेने फिरलेला असतो. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण घातलेले असतात. चांदीवरही ते घासण्याचंच काम करतात. एकदा गेलेली ती रेषारेषांची कातडी कुठलाही कारागीर परत आणून देऊ शकत नाही.

काळेपणा म्हणजे घाण नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थर अगदी पातळ असताना पिवळसर दिसतो, वाढत गेला की तांबूस, निळा आणि शेवटी काळा. वर्षानुवर्षं शांतपणे चढलेल्या अशा रंगांसाठी जाणकार जास्त पैसे मोजतात. (म्हणूनच रसायनं लावून खोटे रंग चढवणारेही आहेत. फार भडक, एकदम चढलेले आणि खोलगट जागांतही सारखेच दिसणारे रंग असले, तर सावध हो.) अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याचा प्रयोग तू नक्की कुठेतरी बघितला असशील. त्याने सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरं, पण अंग निस्तेज दिसायला लागतं. भांड्यांसाठी ठीक आहे. नाण्यांसाठी विकत मिळणारे आम्लयुक्त द्रावही दर बुडवणीला चांदीचा एक पापुद्रा खातात.

घासण्याचा मोह टाळायला सांगतोय, पण एक गोष्ट मात्र काढावीच लागते. मऊ, लवचीक, नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येणारी पाकिटं असतात ना, ती पीव्हीसीची. काही वर्षांत त्यातून आम्लयुक्त द्रव्य पाझरतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो धातू खात राहतो, म्हणून त्याला थांबवायचं. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घ्यायचं, नाणं त्यात थोडा वेळ ठेवायचं, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये बुडवून काढायचं आणि हवेवर सुकू द्यायचं. कापूस नाही, ब्रश नाही, चोळणं तर नाहीच. नखांचा रंग काढायचं द्रावण वापरू नकोस, त्यात तेल आणि सुगंध असतात. अॅसिटोन धातूला काही करत नाही, प्लॅस्टिकला मात्र विरघळवतं, म्हणून कॅप्सूलसकट (नाणं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीसकट) बुडवायचं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, पुढे काय घ्यावं. त्याआधी मनाशी ठरव की तू धातू जमवतेयस की नाणी. दोन्ही करता येतं, पण हिशोब वेगळे. दक्षिण आफ्रिकेचं क्रूगररँड १९६७ पासून, कॅनडाचं मेपल लीफ १९७९ पासून, अमेरिकेचं ईगल १९८६ पासून निघतं. ही बुलियन नाणी. यांची किंमत मुख्यतः आतल्या धातूच्या वजनावर ठरते, आणि त्यावर टांकसाळीचा व विक्रेत्याचा वरखर्च. नाणं जितकं लहान, तितका हा वरखर्च प्रमाणाने मोठा, हे घेताना जाणवत नाही, विकताना जाणवतं. एक दशांश औंसाची दहा सोन्याची नाणी एका औंसाच्या एका नाण्यापेक्षा महागच पडणार. औंस म्हणजे इथे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. किराणामालाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, त्याच्याशी गल्लत करू नकोस.

जुन्या नाण्यांत धातू हा फक्त तळ. वर काय चढतं ते किती उरली आहेत, कुठल्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत यावर. ‘मर्यादित आवृत्ती’ छापलेल्या मखमली डबीवर भाळू नकोस. किती पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचं. अमेरिकेत १९३३ सालची वीस डॉलरची सोन्याची नाणी ४,४५,५०० पाडली गेली आणि जवळजवळ सगळी वितळवली गेली. १९८० च्या जानेवारीत चांदी अचानक भडकली तेव्हा किती तरी देशांतली साधी चांदीची नाणी मुशीत गेली, त्यामुळे टांकसाळीच्या जुन्या आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

नाण्यावरच्या सालावरही ठेवता येत नाही. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थेलर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, बघ. ती १७८० साली वारली, आणि त्यानंतर तेच साल कायम ठेवून ते नाणं पुढची दोन शतकं पाडलं जात राहिलं. व्हिएन्नात तर झालंच, रोम आणि लंडनच्या टांकसाळींतही झालं. साल १७८०, नाणं कदाचित तुझ्या आजोबांपेक्षा लहान. यात फसवणूक नाही, व्यापाऱ्यांना ओळखीचाच ठसा हवा होता. पण त्याला अठराव्या शतकाचं म्हणून कोणी विकत असेल, तर ती फसवणूक. मला स्वतःला ही उशिराने पाडलेली थेलर फार आवडतात. स्वस्तात मिळतात, हातात भारदस्त लागतात आणि शिकायला उत्तम.

सॉव्हरिनची गंमत याहून न्यारी. १८१७ पासूनचं हे ब्रिटिश नाणं, ७.९८ ग्रॅमचं, बावीस कॅरटचं. विसाव्या शतकाच्या मध्यात त्याची बनावट नाणी निघाली, त्यांतल्या कित्येकांत सोनं पुरेपूर होतं. सॉव्हरिनला धातूपेक्षा जास्त भाव मिळत होता, त्यामुळे सोनं खरं वापरूनही धंदा परवडत होता. सोनार कस लावून ‘सोनं चोख आहे’ म्हणेल आणि ते खरंही असेल. पण नाणं खोटं. कुणाला काय विचारायचं ते यावरून कळतं.

पारखायला फार साधनं लागत नाहीत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, व्यास-जाडी मोजायचा कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक जबर चुंबक, बस. आधी वजन, मग व्यास आणि जाडी, मग टांकसाळीने जाहीर केलेल्या मापांशी पडताळणी. एका औंसाच्या सोन्याच्या क्रूगररँडचं वजन ३३.९३ ग्रॅम, कारण एक पूर्ण औंस सोन्यात वरून तांबं आहे. ३१.१ भरलं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. वजन जुळवलेल्या हलक्या धातूच्या नाण्याला जागा जास्त लागते, म्हणजे ते जाडजूड तरी होतं किंवा रुंद तरी. कड नेहमी बघ. ओतीव नकलांच्या कडेवर सांधा किंवा बुडबुड्यांचे खड्डे सापडतात, आणि दाते बोथट असतात.

पाण्याची परीक्षा एकदा करून बघच, मजा येईल. काट्यावर पेल्यात उकळून गार केलेलं नव्हे, डिस्टिल्ड पाणी ठेव आणि काटा शून्यावर आण. औंसभर शुद्ध चांदीचं नाणं बारीक दोऱ्याने टांगून पूर्ण बुडव, तळाला टेकू देऊ नकोस. काटा २.९६ ग्रॅमच्या आसपास दाखवेल, कारण नाण्याने तेवढ्या घनसेंटिमीटर पाण्याची जागा घेतली. ३१.१ ला त्याने भाग, चांदीची घनता साधारण १०.५ येते. तांब्याचं असतं तर ३.४७ दाखवलं असतं. मग नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घे. प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्रहासाठी खास झळाळी देऊन पाडलेल्या नाण्यावर, मात्र हा खेळ करू नकोस, थेंबाचाही डाग आरशासारख्या अंगावर राहतो.

चुंबक चांदीला चिकटत नाही. पण नाणं तिरकं धरून त्यावरून छोटा जबर चुंबक सोडला, तर तो घसरायच्या ऐवजी सावकाश उतरतो. तांब्यावरही असंच होतं, म्हणून एकट्या या परीक्षेवर निकाल लावायचा नाही. सोन्याच्या बाबतीत टंगस्टनची भीती आहे. त्याची घनता १९.२५, सोन्याची १९.३२, त्यामुळे पाणी तुला फसवेल. शंका आली तर धातूची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र असलेल्या जाणकाराकडे जायचं, कापून बघायचं नाही.

साठवण्याबद्दल थोडक्यात. कडेनेच धर, खाली मऊ कापड अंथरून धर. बोटाच्या घामाचा ठसा चांदीत कोरला जातो, काही दिवसांनी तो उमटून वर येतो. ठेवायला अॅक्रिलिकच्या कॅप्सूल किंवा पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टरची पाकिटं. लोकर, वर्तमानपत्र, साधा तपकिरी पुठ्ठा, रबर यांत गंधक असतं, ते जवळ नको. पाकिटावर नुसता रबरबँड गुंडाळून ठेवला तरी आतल्या चांदीवर काळी रेघ उमटलेली मी बघितली आहे. स्टेपल मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणं काढताना आधी पिना पूर्ण काढ, नाहीतर बाहेर येताना ओरखडा. मेपल लीफसारख्या शुद्ध चांदीच्या नाण्यांवर दुधाळ ठिपके येतात, ते मात्र तुझ्या साठवणीचा दोष नव्हे, ते टांकसाळीतल्या प्रक्रियेतूनच येतात.

तिजोरी घेणार असलीस तर एक कुणी सांगत नाही ती गोष्ट. आगीपासून बचाव करणाऱ्या तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारं मिश्रण असतं. आगीत तेच पाणी वाफ होऊन कामी येतं, पण एरवी आतली हवा त्यामुळे दमट राहू शकते. म्हणून ओल शोषणारं सिलिका जेल ठेव, रंग बदलणारं, आणि रंग बदलला की सुकवून परत ठेव. नुसतं टाकून विसरलेलं जेल काही कामाचं नाही.

वही आजपासून सुरू कर. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, कुणाकडून, कधी, कितीला, आणि पावती. वहीची प्रत नाण्यांपासून लांब ठेव. संग्रहाचे फोटो जगाला दाखवायची घाई करू नकोस. मोबाइलच्या फोटोत जागेची माहिती दडलेली असते. घरातल्या एका माणसाला मात्र वही कुठे आहे आणि कुठलं नाणं वितळवायचं नाही हे सांगून ठेव.

नव्या नाण्याचं वजन आणि व्यास मोजून कळव, मग त्याबद्दल बोलू.

तुझा,
मामा

ता. क. अॅसिटोन वापरताना खिडकी उघडी ठेव आणि आसपास गॅस पेटलेला नको.