विमानाच्या काचेची आंघोळ
वाचकांचे प्रश्न, जुन्या मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न : विदर्भातल्या एका धावपट्टीवर (कोणती ते छापू नका) शिकाऊ विमानं धुण्या-पुसण्याच्या कामाला लागून मला चार महिने झाले. समोरची काच रोज पुसतो, तरी सकाळी विमान सूर्यासमोर उभं केलं की काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. माझ्या आधीचा मुलगा घरचा आरसा पुसायचा निळा स्प्रे मारायचा म्हणे. बोलणी मात्र मला बसतात. काच पुसायची नेमकी पद्धत काय? आणि या रेघा जातील का?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, चिठ्ठीभर तुम्ही ‘काच’ म्हणता. मीही सव्वीस वर्षं काचच म्हणत आलो, हँगरात सगळेच म्हणतात. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. सेसना १५२ किंवा १७२ या लहान शिकाऊ विमानांच्या तोंडाला जे वाकवून बसवलेलं असतं ते ॲक्रिलिक, म्हणजे एक जातीचं प्लास्टिक. घरच्या आरशावर वर्तमानपत्राचा बोळा खुशाल घासा, काही होत नाही. तोच बोळा ॲक्रिलिकवर फिरवला की चरे पडलेच समजा.

माझीच चूक सांगतो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. दिवाळी नुकतीच सरली होती, आजूबाजूच्या वावरांतून धूळ येत होती. सकाळची पहिली फेरी, शिकाऊ पोट्टा आत बसून घाई करत होता. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि कोरडाच, गोल गोल फिरवून विंडशील्ड चकचकीत केलं. मनात म्हटलं, वा! संध्याकाळी तोच पोट्टा मावळतीकडे तोंड करून उतरायला आला आणि त्याला धावपट्टीच दिसेना. वर उचलून त्यानं एक चक्कर मारली. दुसऱ्या वेळी शेजारच्या इन्स्ट्रक्टरनी बाजूच्या खिडकीतून अंदाज घेत विमान टेकवलं. खाली आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. सीटवर बसवलं, चार जणांकडून विमान ढकलून त्याचं नाक सूर्याकडे करवलं आणि म्हणाले, “बघ.” सूर्याभोवती थाळीएवढं झगझगीत जाळं होतं, त्यापलीकडे काहीच नाही. माझ्या दुपट्ट्याचा एकेक फेरा त्यात मोजता येत होता.

चरा उन्हाला आडवा असला की चमकतो. सरळ वर-खाली हात फिरवलात तर राहिलेले बारीक चरे एका दिशेचे असतात, सगळे एकदम पेटत नाहीत. गोल फिरवलात तर सूर्य कुठेही असो, प्रत्येक गोलाचा एखादा तुकडा त्याला आडवा येतोच. म्हणून गोल हात कधीच नाही.

आता पद्धत. क्रम एवढाच की आधी पाणी, मग हात, फडकं सगळ्यात शेवटी.

हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून खिशात घाला. काम उजाडताना करा, नाहीतर सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी उभ्या विमानाला हात लावून पाहा, पोळतो. तापलं की ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट जास्त फुगतं. अशा अंगावर एकदम गार पाणी ओतलं की त्याला ताण बसतो. पिटो ट्यूबवर, म्हणजे वेग मोजायच्या नळीवर, कव्हर आहे ना, आणि बाजूच्या स्टॅटिकच्या, म्हणजे हवेचा दाब घेणाऱ्या, भोकात पाणी जाणार नाही ना, हेही आधी बघा. धुऊन झालं की त्या भोकावर लावलेली पट्टी आठवणीनं काढा. ती विसरली तर हवेत काटे खोटं बोलतात.

मग भरपूर पाणी. जोराची पिचकारी नको, वरून मगानं सोडलं तरी चालतं. तुमच्याकडे औष्णिक केंद्र जवळ असेल तर विमानावर रात्रीतून राखेचा थर बसतो. आजी ज्या राखेनं भांडी घासायची तिच्याच जातीची ही राख, हे ध्यानात ठेवा. भांडं घासायला ती चालायची ती कशामुळे? खरखरीत म्हणूनच ना? ती पाण्यानं वाहून जाऊ द्या, तिला रगडू नका.

पाणी वाहतं असतानाच उघडा तळवा अगदी हलका ठेवून वरून खाली न्या. या कामाला तळव्यासारखं हत्यार नाही. फडक्यात खडा अडकला तर फडकं सांगत नाही, ते गुपचूप चरा ओढत जातं. तळव्याला मात्र रेतीचा एक कण लागला तरी लगेच कळतं. कण लागला की थांबा, पाणी सोडा, तो गेला की पुढे. सुरुवातीला डोळे मिटून करून बघा, पटकन जमेल.

पावसाळ्यानंतर, धानाच्या भागात तर विचारूच नका, तुडतुडे आणि चिलटं चिकटून वाळलेली असतात. त्यांना नखानं खरवडायचं नाही. सुती फडकं पाण्यात बुडवून, पोटीस बांधतो तसं त्या जागी चिकटवून ठेवा. दहा मिनिटं चहा घेऊन या. फुगून आपोआप सुटतात.

साबण सौम्य. लहान लेकराचा शांपू चार थेंब, बादलीभर पाण्यात. कपड्याची पावडर नको, तिचा न विरघळलेला दाणा घासणीसारखा लागतो. साबणही हातानंच लावा, परत धुवा.

पुसायला जुनी, शंभर धुण्यांत मऊ झालेली सुती बनियन उत्तम. आपण कापूसवाले लोक, फडकं विकत कशाला आणायचं? फक्त शिवण आणि लेबल कापून टाका. टिश्यू पेपर नाही, टेरिकॉट नाही, आणि जे फडकं जमिनीवर पडलं ते त्या दिवसापुरतं बाद. विंडशील्डची फडकी वेगळ्या पिशवीत ठेवा. इंजिनचं तेल पुसलेल्या फडक्याशी त्यांची गाठ पडता कामा नये. मायक्रोफायबर चालतं, ओलसर शॅमॉय, म्हणजे मऊ चामड्याचं फडकं, तेही चालतं. कोरडं घासत बसू नका. त्यानं ॲक्रिलिकवर वीज चढते आणि आत्ता झटकलेली धूळ ते परत ओढून घेतं.

बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलं तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. मग ते काढायला माणूस घासतो, आणि पुन्हा चरे. शेवटचं पाणी तरी आरओच्या जारमधलं घ्या आणि थेंब वाळायच्या आत टिपून घ्या. टिपा म्हणतो, पुसा नाही.

तेलाचा किंवा ग्रीसचा डाग असेल तर फडक्याला थोडं रॉकेल लावून तेवढाच डाग उचला आणि लगेच साबणपाण्यानं धुवा. रॉकेल चालतं म्हणून पेट्रोलही चालेल असं समजू नका! पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, बेंझिन, स्पिरिट, सॅनिटायझर आणि तुमचा तो आरशाचा स्प्रे, यांतलं काही विंडशील्डच्या जवळपास नको. कोरोनाच्या दिवसांत माणसं सॅनिटायझरची बाटली घेऊन कॉकपिटमध्ये शिरत, तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा. सेसनाच्या टाक्या पंखात आणि पंख डोक्यावर, त्यामुळे इंधन भरताना सांडलेलं ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, ओघळून विंडशील्डवर येऊ शकतं. शंभर एलएल ॲव्हगॅसही निळं आणि तो स्प्रेही निळा, योगायोग! ओघळ दिसला की वाट बघू नका, ताबडतोब पाण्यानं धुवा.

असली द्रव्यं करतात काय, तर वाकवून, स्क्रूनं आवळून ताणात बसवलेल्या ॲक्रिलिकच्या पृष्ठभागात शिरतात आणि तिथे केसाहून बारीक भेगा पाडतात. त्याला आम्ही क्रेझिंग म्हणतो. आज मारलं आणि आज दिसलं असं होत नाही, म्हणून मारणारा सुटतो आणि नंतरचा सापडतो. तुमचं तेच झालेलं दिसतं.

या रेघा जातील का? वरवरचा चरा असेल तर खास ॲक्रिलिकच्या पॉलिशनं, पायरीपायरीनं बारीक होत जाणाऱ्या कागदानं काढता येतो. पण ते तुमचं काम नाही, लायसन्सवाल्या एएमईचं, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या इंजिनिअरचं आहे. एकाच जागी जास्त घासलं की तिथे खळगा होतो आणि त्यातून धावपट्टी वाकडी दिसते. क्रेझिंग असेल तर पुसून किंवा पॉलिश करून काही उपयोग नाही. त्या खऱ्या भेगा आहेत, त्यांनी विंडशील्डची ताकदच कमी होते. किती चालवून घ्यायचं आणि कधी बदलायचं हे एएमई मॅन्युअल बघून ठरवतील. सकाळच्या उन्हात विमान उभं करून त्यांना स्वतः दाखवा. आधीच्या मुलाचं नाव घ्यायची गरज नाही, स्प्रे मारला होता एवढं सांगा.

स्वच्छ विंडशील्डवर मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेल्या मेणाचा पातळ हात दिला तर बारीक चरे बुजतात, पाणीही थांबत नाही. गाडीचं रबिंग कंपाउंड मात्र नको. आणि रात्री ताडपत्री टाकू नका. आपल्याकडच्या वाऱ्यात ती रात्रभर फडफडते आणि खाली अडकलेली धूळ घेऊन विंडशील्ड घासत बसते. विमानासाठी शिवलेलं मऊ अस्तराचं कव्हर असेल तर ठीक, नाहीतर उघडं बरं.

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांनी विचारलं, विमानाला खरी काच का लावत नाहीत?
— एक शिक्षिका, पुसद

उत्तर : मोठ्या जेट विमानांत काचेचे थर असतात, बाई. लहान विमानात किलो-किलोचा हिशेब चालतो आणि ॲक्रिलिकचं वजन तेवढ्याच काचेच्या साधारण निम्मं. शिवाय तापवलं की हवं तसं वळतं. जर्मनीच्या ओटो रोम यांनी १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ नावानं ते बाजारात आणलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर ते सर्रास बसलं.

मुलांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. त्या युद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत फुटलेल्या ॲक्रिलिकचे तुकडे गेले. डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळा सोसतो, त्यांच्यामुळे तो सुजत-चिघळत नाही. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकची लेन्स बसवली. ही अशी पहिली शस्त्रक्रिया. आज घडी करून घालतात त्या लेन्सही बहुतेक याच घराण्यातल्या. माझ्या आईचं ऑपरेशन तालुक्याच्या शिबिरात झालं तेव्हा मी तिला म्हटलं, “बाई, तुझ्या डोळ्यात माझ्या विमानाचा तुकडा आहे.” ती म्हणाली, “मंग तू दुपट्ट्यानं पुसजो नको बरं.” दुपट्ट्याची गोष्ट तिला मीच सांगितली होती.

प्रश्न : हेल्मेटच्या पुढच्या काचेलाही हेच लागू का?
— एक वाचक, वरूड

उत्तर : ती बहुधा पॉलिकार्बोनेटची, म्हणजे दुसऱ्या एका प्लास्टिकची असते. फुटायला चिवट, पण चरे तिच्यावरही पडतात आणि पेट्रोलनं तीही बिघडते. पंपावर उभे असताना पेट्रोलच्या फडक्यानं व्हायझर पुसणारे मी पाहिले आहेत. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग साबणपाणी. रात्री समोरच्या ट्रकचा दिवा व्हायझरमध्ये फाकायला लागला असेल तर पॉलिशच्या नादी लागू नका, नवीन व्हायझर घ्या.