उंदरांच्या मेंदूवरील संशोधन : बी.एस्सी.नंतरची वाट

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. नैराश्याच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांमध्ये सेरोटोनिन रिसेप्टरची (सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील प्रथिनाची) संवेदनशीलता वाढत्या वयानुसार कशी बदलते, यावर तिला संशोधन करायचे आहे. घरच्यांचा आग्रह बी.एड.चा आहे. शिवाय माझा पंधरा वर्षांचा भाचा नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटिन हे औषध घेतो, ते बंद करा असे ती म्हणते. काय करावे? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. मुलीने हेरलेला विषय अवघड असला, तरी भलता नाही. 2002 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील रेने हेन यांच्या गटाने दाखवले की, सेरोटोनिनचा वन-ए नावाचा एक रिसेप्टर जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात पुढच्या मेंदूत नसेल, तर उंदीर मोठेपणी अधिक भित्रा होतो. तोच रिसेप्टर प्रौढ वयात बंद केला, तर मात्र तसे होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा बालवयातील ताण आणि सेरोटोनिन यांवर अनेक वर्षे काम करत आहे, त्यामुळे या विषयासाठी परदेशच गाठायला हवा असे नाही.

तथापि, हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते तिने आधी पाहावे. वन-ए रिसेप्टरला चालना देणारे रसायन टोचून ठरावीक मिनिटांनी उंदराच्या गुदद्वारातून तापमान घेतात आणि ते किती उतरले यावरून संवेदनशीलतेचा अंदाज बांधतात. खोली जरा गार झाली किंवा हाताळताना उंदीर बिथरला, तरी आकड्यांवर परिणाम होतो. शिवाय फरक रिसेप्टरच्या संख्येमुळे पडला की पेशीतील संदेशवहनामुळे, हे निराळे तपासावे लागते. मेंदूच्या ऊती अभ्यासण्यासाठी प्राणी मारावे लागतात, ही गोष्टही तिच्यापासून लपवू नये. नैतिकता समितीची परवानगी बंधनकारक असते, पण परवानगीने हात थरथरायचे थांबत नाहीत. नोंदणीकृत प्राणिगृह असलेल्या एखाद्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापकांना विनंती करून तिने असे काम पाहता आले तर पाहावे. ते मनाला पटले नाही, तर याच आवडीतून मानसशास्त्राकडेही वळता येईल.

वाट स्पष्ट आहे. बी.एस्सी.नंतर पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) किंवा टाटा संस्थेतील एकात्मिक पीएच.डी.साठी (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) प्रवेश परीक्षा देता येते. दुसरा मार्ग एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देण्याचा. त्यातून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. उरलेल्या काळात तिने जीवरसायनशास्त्र आणि विशेषतः संख्याशास्त्र पक्के करावे, कारण प्राणिशास्त्राचे आपले विद्यार्थी बहुधा तिथेच अडतात. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते. आताच त्यात दोन वर्षे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाच्याच्या गोळ्यांचा निर्णय मात्र उंदरांवरून करू नये. पिल्लांना जन्मानंतरच्या चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटिन दिल्यास मोठेपणी त्यांच्या वर्तनात बिघाड दिसतो, असा 2004 चा एक प्रयोग आहे आणि मुलीने बहुधा तोच वाचला असावा. परंतु पिल्लांचे ते दिवस म्हणजे माणसाचे पंधरावे वर्ष नव्हे. नैराश्यासाठी हे औषध अमेरिकेत आठ वर्षांपुढील मुलांनाही देण्यास मान्यता आहे. शंका असेल तर भाच्याला घेऊन त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तोवर गोळ्या परस्पर बंद करू नयेत.