फोटो व्हिडिओच्या टाइमलाइनवर टाकण्याआधी

कार्यक्रमांचा मोसम आला की घरच्या फोटोंचा व्हिडिओ करणाऱ्यांकडून तेच प्रश्न पुन्हा येतात, आणि बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात. म्हणून आजच उत्तरं देतो.

प्रश्न : व्हिडिओसाठी फोटो ७२ डीपीआयचा हवा की ३०० चा?

कुठलाही चालेल. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके; तो छपाईसाठी असतो, व्हिडिओत फक्त पिक्सेल मोजायचे.

प्रश्न : पत्रिकेतल्या गणपतीमागे पांढरा चौकोन दिसतो.

जेपेग फाइलला पारदर्शकता नसते. पत्रिका करणाऱ्याकडून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल मागा.

प्रश्न : आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला फिल्म करतोय. मावशीनं लग्नातल्या जुन्या ग्रुप फोटोचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आईवर झूम केलं की नुसत्या चौकटी दिसतात. एक अ‍ॅप तो ‘फोरके’, म्हणजे खूप जास्त पिक्सेलचा, करून देतंय. घेऊ का?

नका घेऊ. फोटोत नसलेले डोळे-ओठ ते अ‍ॅप अंदाजानं रंगवतं. चेहरा गुळगुळीत होतो, पण तो तुमच्या आईचा राहत नाही, आणि समोर बसलेल्या तिच्या बहिणींना ते लगेच कळतं. मूळ प्रिंट मागवा. हिशेब करा : ग्रुप फोटोत चेहरा जेमतेम एक सेंटीमीटरचा. ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर त्याला १२० पिक्सेलही मिळत नाहीत. १२०० वर साधारण ४७० मिळतात, म्हणजे १०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये चेहरा उंचीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत नेता येतो. त्यापुढे झूम नको. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं, प्रिंटपेक्षा तीच स्कॅन करा. स्कॅन टिफ फाइलमध्ये ठेवा, तिच्यात दर्जा घटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान करण्यासाठी तो दाबला जातो आणि बारकावे जातात. आणि प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटली असेल तर ओढू नका! चेहऱ्यावरचा थर काचेवर राहतो. काचेसकट जुने फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. हे सगळं दोन महिने आधी, चार दिवस आधी नव्हे.

प्रश्न : फोटो हळूहळू सरकवला की साडीचे काठ लुकलुकतात.

फोटो गरजेपेक्षा फार मोठा आहे. तो आधीच लहान करून घ्या, झूम नसेल तर १९२० पिक्सेल रुंदी पुरते. तरीही लुकलुकलं तर किंचित ब्लर द्या. किती, ते लॅपटॉपवर ठरवू नका. हॉलवाल्याला विचारून त्याच्याच प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा.