‘वी’ मागवावा का? तीन आठवडे खेळल्यावरचं माझं मत

ताई, तुमचे मिस्टर यंदा, २००७च्या डिसेंबरात, साउदॅम्प्टनला बोटीवरून उतरताना निंटेंडोचा ‘वी’, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, घेऊन येऊ म्हणतात, तर आणू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. हात हलवला की पडद्यावरचा माणूस खरंच तसा हलतो की नुसता देखावा, ही तुमची दुसरी शंका. आणि मुलाच्या प्लेस्टेशनकडे ढुंकूनही न बघणारे सासरे याला हात लावतील का, ही तिसरी. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझं उत्तर: आणू द्या. पण हे यंत्र काय ओळखतं आणि काय ओळखत नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर नव्याचे नऊ दिवस होतील.

माझा चुलतभाऊ स्विंडनला असतो. यंदा चवथीला तो डिचोलीच्या मूळ घरी आला तेव्हा हे यंत्र घेऊन आला आणि जाताना इथेच ठेवून गेला. घरात बावीस माणसं. मी काळ्या कॅसेटींच्या काळापासून खेळतोय, प्लेस्टेशन टू अजून वापरतो, पण खेळ सुरू झाला की आमच्या घरात नेहमी एकच चित्र असायचं: दोन मुलगे टीव्हीसमोर, बाकीचे आपापल्या कामाला. या वेळी पहिल्याच संध्याकाळी आरती आटोपल्यावर सोप्यावर (पुढच्या ओसरीवर) रांग लागली. वहिनी करंज्यांचं पीठ मळता मळता हात धुऊन आल्या. आजी शहात्तरची आहे. तिला बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ, दिला. हातातल्या रिमोटचं खालचं बटण बोटाने दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बोट सोडायचं, एवढंच शिकवलं. पहिल्यांदा तिने हात मागे असतानाच बोट सोडलं. चेंडू मागच्या मागे गेला आणि पडद्यावर पाठीमागे उभी असलेली माणसं दचकून उडाली. आजी इतकी हसली की तिला बसवावं लागलं. चौथ्या चेंडूला तिने सात पिना पाडल्या.

मला जे पटलं ते तिथे पटलं. प्लेस्टेशनचं कंट्रोलर हातात घेतलं की दोन काठ्या आणि डझनभर बटणं आधी पाठ करावी लागतात, मग कुठे खेळ सुरू होतो. ज्याचं लहानपण त्यात गेलं नाही तो पाच मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवतो. इथे आजीने लहानपणी दगड मारून चिंचा पाडल्या होत्या, तोच हात कामाला आला. नवं शिकायला फक्त एक बटण होतं.

आता देखावा की खरं? अर्धं खरं, आणि ते कसं हे सांगायला मला थोडी जागा लागेल.

रिमोटच्या पोटात एक छोटी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा स्प्रिंगवर तोललेला असतो. रिमोटला हिसका बसला की तो तुकडा किंचित सरकतो आणि त्यावरून हिसका कुठल्या दिशेला आणि केवढा, हे कळतं. कदंबाच्या बसमध्ये डोळे मिटून उभ्या राहा. ब्रेक मारला, वळण आलं, खड्डा आला, हे अंगाला सगळं कळतं. पण बस बाणास्तारीला आहे की माशेलला, हे डोळे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. रिमोटचंही तसंच: हिसका कळतो, हात कुठे आहे हे कळत नाही. स्थिर धरला तर गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठली बाजू आहे ते कळतं, म्हणून मनगट पिळलं की बोलिंगच्या चेंडूला फिरक मिळते. पण ताटातली सुरी ताटातच गोल फिरवावी तसा रिमोट आडवा फिरवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने काहीच बदललेलं नसतं, आणि तेवढी हालचाल या चिपला नीट उमगत नाही.

म्हणून माझा बारा वर्षांचा पुतण्या दुसऱ्या दिवशीच सोफ्यावर लोळत, नुसतं मनगट झटकून, टेनिसमध्ये सगळ्यांना हरवू लागला. थोरला भाऊ चिडला, म्हणाला ही फसवणूक आहे. मला तसं वाटत नाही. टेनिसमध्ये खेळाडू आपला आपण धावतो, तुमच्याकडे फक्त फटक्याची वेळ असते. लवकर मारला तर चेंडू एकीकडे, उशिरा मारला तर दुसरीकडे. एवढ्यासाठी झटका पुरतो. पण उभं राहून, खांद्यापासून हात फिरवून खेळण्यात जी मजा आहे ती झटक्यात नाही. आमच्याकडे शेवटी नियमच केला की सोफ्यावर बसून मारलेला गुण धरायचा नाही. तुमच्या मुलालाही पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.

पडद्यावर बाण फिरवून काहीतरी निवडायचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. टीव्हीवर जी पट्टी ठेवतात तिला सगळे सेन्सरची पट्टी म्हणतात, पण ती काही ओळखत नाही. तिच्या दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारे बारीक दिवे असतात, बस. बघणारा डोळा रिमोटच्या तोंडाशी, त्या काळ्या काचेमागे. दोन ठिपके कुठे दिसतात त्यावरून तो बाणाची जागा ठरवतो.

हे मला कळलं ते समईमुळे. पहिल्या दिवशी टीव्ही गणपतीच्याच खोलीत होता, दोन्ही समया तेवत होत्या आणि बाण वेड्यासारखा उड्या मारत होता. पट्टी दोनदा काढून लावली, सेल बदलले. मग लक्षात आलं की ज्योतीतूनही अवरक्त प्रकाश येतोच, आणि रिमोटला दोनाऐवजी चार ठिपके दिसतायत. टीव्ही सोप्यावर हलवला आणि बाण शांत झाला. उत्सव संपल्यावर मी मुद्दाम उलटा प्रयोग करून बघितला: पट्टीची वायर काढली, टीव्हीसमोर स्टुलावर दोन मेणबत्त्या वीतभर अंतराने लावल्या, आणि बाण चालला! मुलांना शाळेत शिकवतात त्या प्रकाशाचा इतका सोपा धडा मी दुसरा पाहिलेला नाही. तुमच्या घरात टीव्ही खिडकीसमोर असेल तर दुपारचं ऊनही असाच त्रास देईल. पडदा ओढून घ्या.

संचाबरोबर जो ‘वी स्पोर्ट्स’ येतो त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ आहेत. बोलिंग सर्वांत चांगलं, आणि एकच रिमोट हातोहात फिरवून चौघं खेळू शकतात. टेनिस त्याच्या खालोखाल. गोल्फ शांत आहे, पण भोकाजवळ अगदी हलका फटका मारायचा असतो तेव्हा तो हलकेपणा पोचवणं कठीण जातं. चार वेळा हात हलवावा तेव्हा एकदा लागतो. बॉक्सिंगला दुसऱ्या हातात वायरने जोडलेला नंचक लागतो. दोन फेऱ्यांत घाम निघतो, पण ठोसा नेमका जिथे मारावा तिथे जाईलच असं नाही. तुम्ही लिहिलंय की सासरे पूर्वी पेडण्यात क्रिकेट खेळायचे, म्हणून आधीच सांगतो, बेसबॉलमध्ये फक्त फटका आणि चेंडूफेक आहे, क्षेत्ररक्षण यंत्र स्वतः करतं. क्रिकेटची भूक त्याने भागणार नाही. त्यांना आधी बोलिंगलाच उभं करा. आणि सुरू करण्याआधी त्यांचा चेहरा बनवा: टक्कल, मिशी, चष्मा, भुवया सगळं निवडता येतं. आमच्या काकांनी रिमोट हातात घ्यायला साफ नकार दिला होता. मुलांनी त्यांच्या जाड मिशीचा ‘मी’ (या यंत्रात खेळाडूच्या बाहुल्याला हे नाव आहे) तयार करून मैदानात उतरवला, तेव्हा तो हरतोय हे त्यांना बघवेना.

चित्राच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन थ्री यांच्याशेजारी हे यंत्र मागच्या पिढीचं दिसतं. जास्तीत जास्त ४८०पी, म्हणजे ४८० ओळींचं चित्र देतं. पण तुमच्या २१ इंची जुन्या टीव्हीवर तो फरक दिसणारच नाही, उलट तुमच्यासाठी ते बरंच आहे. डीव्हीडीवरचे सिनेमे मात्र यावर लागत नाहीत, त्यामुळे तो प्लेअर विकू नका.

जागा. खेळणाऱ्याभोवती हात पसरून एक पाऊल मोकळं हवं, दोघं असतील तर दुप्पट. छपराचा पंखा खाली असेल तर उंच माणसाने टेनिसची सर्व्हिस जपून करावी. आमच्याकडे पहिल्या दिवशी माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या आराशीतली) एक तवशी, म्हणजे काकडी, गेली, बरं की टीव्ही वाचला. मनगटाची दोरी दर वेळी घालायचीच, पाहुण्यांनाही. २००६च्या डिसेंबरात, यंत्र बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाच, हातातून सुटलेल्या रिमोटांच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून जाड दोऱ्या दिल्या. आपल्या दमट हवेत तळहात आणखी घामेजतात. २००७च्या ऑक्टोबरपासून रिमोटसाठी सिलिकॉनचं कव्हरही फुकट मिळायला लागलं, ते मागून घ्यायला मिस्टरांना सांगा.

आता खरेदीचं. इंग्लंडातलाच संच घ्यायचा, २००७च्या ऑक्टोबरात तिथे तो १७९ पौंडांना होता. त्याचा अडॅप्टर २३० व्होल्टचा असतो, म्हणजे आपल्याकडे थेट चालतो, फक्त तीन चौकोनी पिनांसाठी प्लग बदलणारा तुकडा लागतो. बोट अमेरिकेला लागली आणि तिथे स्वस्त दिसला तरी नको. तिथला अडॅप्टर १२० व्होल्टचा, आणि तिथल्या यंत्रावर युरोपातल्या डिस्क चालत नाहीत. पणजीत आणि म्हापशात मी बरंच फिरलो, मला एकही डिस्क मिळाली नाही, म्हणजे खेळ येणार ते बाहेरून येणाऱ्या माणसाच्या बॅगेतूनच. यंत्राचा एकदा ठरलेला प्रदेश, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क त्यावर चालतील ते, बदलता येत नाही, हे धरून चाला.

पावसाळ्यात वीज ये-जा करते, म्हणून स्टॅबिलायझर लावा आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. बंद केल्यावर दिवा पिवळा असेल तर यंत्र आतून जागं असतं आणि तापतं. लाल दिवा होईपर्यंत बटण दाबून धरा. समुद्राजवळच्या घरात रिमोटमधले सेल महिनोन् महिने तसेच ठेवू नका, पत्र्यांना हिरवट गंज चढतो.

यादी म्हणाल तर: संच, जास्तीचा एक रिमोट, त्याच्यासोबत आणखी एक नंचक. ‘वी प्ले’ नावाच्या डिस्कसोबत रिमोट येतो, तो घेतला तर रिमोटचं काम तिथेच होतं. चार रिमोट आत्ताच नकोत. चार्ज होणारे डबल-ए सेल चार आणि चार्जर, हे इथे म्हापशात मिळेल. उभं राहून तोल सांभाळायची जी फळी कंपनीने २००७च्या जुलैत दाखवली ती जपानमध्ये १ डिसेंबर २००७ला निघतेय, इंग्लंडात तुमच्या मिस्टरांना या खेपेला मिळणार नाही. खोक्यात पिवळी-पांढरी-लाल टोकं असलेली वायर असते, ती तुमच्या टीव्हीला तशीच लागेल; तिच्या टोकाला बसवलेला, युरोपातल्या टीव्हींसाठीचा रुंद स्कार्टचा तुकडा काढून बाजूला ठेवा, आपल्याकडच्या टीव्हींना तो लागत नाही.