बीपी नॉर्मल आलंय, मग रोजची मेटोप्रोलोल बंद केली तर चालेल का?

तुमचे वडील बीपी आणि अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) मेटोप्रोलोलची लाँग अ‍ॅक्टिंग गोळी रोज एक घेतात, आता बीपी नॉर्मल आहे, छातीत दुखत नाही, तर गोळी बंद करावी का आणि चालू ठेवली तर सकाळी घ्यावी की रात्री, असं तुम्ही विचारलंय.

मनाने बंद करू नका. एकदम तर मुळीच नाही.

आमच्या बाबांना हीच गोळी होती, 50 मिलिग्रॅमची. बीपी महिनोन्महिने 126/78 च्या आसपास. दादा म्हणाला, "आता सगळं नॉर्मल आहे, जन्मभर कशाला गोळ्या गिळता? सवय लागेल." मी नको म्हणाले होते. बाबांना दादाचं पटलं, कारण त्यांनाही तेच हवं होतं. गोळी बंद झाली आणि मला कोणी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे बाबा पलंगाच्या कडेवर बसलेले. तळहात छातीच्या मधोमध सपाट टेकवलेला, बनियन घामाने ओलं. मशीन लावलं तर 172/104, पल्स 118. एरवी त्यांची पल्स साठीच्या पुढे जात नसे. जिभेखाली ठेवायची गोळी दिली, पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "कुठली गोळी बंद केलीत का?" बाबांनी दादाकडे पाहिलं. अ‍ॅटॅक थोडक्यात टळला.

दादा आजही म्हणतो, वय झालंय, तसंही दुखलंच असतं. नाही. मेटोप्रोलोल हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे तो ताणाच्या वेळी सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा जोर अडवतो, म्हणून ठोके कमी पडतात आणि हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो. बरेच दिवस हा अडसर राहिला की हृदय अ‍ॅड्रेनलिन टिपणारे रिसेप्टर वाढवून ठेवतं. अडसर एकाएकी काढला की सगळा मारा एकदम बसतो. आधीच रक्तवाहिन्या अरुंद असलेल्या माणसाला तो झेपत नाही. याला सवय लागणं म्हणत नाहीत. आणि बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे आहे, हे दादाला मी दहा वेळा सांगितलंय.

कधी कधी गोळी बंद करावीही लागते, पण ती डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत नेऊन करतात. पल्स फार कमी होत असेल, चक्कर येत असेल, दमा असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. डायबिटीस असेल तर हेही लक्षात ठेवा की शुगर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो.

सकाळ की रात्र, याने फारसं बिघडत नाही. वेळ रोज तीच हवी, जेवणासोबत किंवा जेवल्यावर लगेच. चावू नका, कुटू नका, नाहीतर दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं. एखादी राहिली आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

मी स्ट्रिपच्या मागे बॉलपेनने वार लिहून ठेवते. परवा दादा आला तेव्हा त्याने स्ट्रिप उलटी करून गुरुवार फुटलाय का ते पाहिलं.