ड्राफ्टमधला राजीनामा

समुपदेशक म्हणून मला आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी मेलमधून, कधी व्हॉट्सअॅपवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या खुर्चीवरून. ‘मॅडम, नोकरीत जीव रमत नाही. मला खरं तर वेगळंच काही करायचंय. घरचे म्हणतात वेड लागलंय. रिस्क घेऊ का?’ विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी दोन्ही देत नाही, म्हणून बरेच जण नाराज होतात.

आज एका मुलाबद्दल लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय एकोणतीस. मूळचा सांगलीकडचा, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पहिल्या भेटीत खुर्चीवर बसायच्या आतच त्याने फोन पुढे केला. मेलच्या ड्राफ्टमध्ये राजीनामा लिहून ठेवलेला. आठ महिने तो तिथेच पडून होता. ‘रोज रात्री उघडतो, एखादा शब्द बदलतो, बंद करतो,’ म्हणाला.

राजीनामा देऊन करायचं काय होतं? मिरजेला जाऊन तंबोऱ्याची जवारी काढायला शिकायचं होतं.

हे सगळ्यांना ठाऊक असेल असं नाही, म्हणून थोडं सांगते. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उताराला निसटती घासत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. तीच जवारी. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज उमलतो किंवा मरतो. वापराने घोडीवर तारेची चरी पडते, मग ती पुन्हा घासून जुळवावी लागते. मिरजेत हे काम करणारी घराणी दीडशे वर्षांहून जास्त काळ आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हा मुलगा लहानपणी गाणं शिकला होता. पुढे गाणं सुटलं, पण तंबोऱ्याचा नाद सुटला नाही.

दुसऱ्या भेटीला त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जुनी घोडी काढली. टेबलावर ठेवली, नखाने त्यावरची चरी दाखवली आणि वीस मिनिटं बोलत राहिला. नोकरीबद्दल बोलताना त्याचे खांदे पडलेले असायचे. आता तो पुढे झुकून बसला होता. हा फरक माझ्या लक्षात आला. तरीही मी त्या दिवशी चुकले.

तो म्हणाला, ‘आता मी थांबणार नाही.’ आणि मी त्याला सावध करत सुटले. हप्ते आहेत, बाजार लहान आहे, मोबाइलवर तंबोऱ्याची अॅप्स आली आहेत, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये. बरोबर वाटणारीच सगळी वाक्यं. तो मान हलवत राहिला आणि पाच मिनिटं आधीच उठून गेला.

आम्ही समुपदेशकसुद्धा आपल्या केसेस ज्येष्ठांकडे नेतो. माझ्या सुपरव्हायझरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘हे सगळं तू कोणाला सांगत होतीस?’ मी गप्प बसले. माझ्या थोरल्या भावाने नव्वदच्या दशकात बँकेची नोकरी सोडून छापखाना काढला होता. तीन वर्षांत छापखाना गेला, आणि छापखान्यापाठोपाठ वडिलांचं राहतं घर. मी समोरच्या मुलाला बघतच नव्हते. पुढच्या भेटीत मी त्याला हे सांगितलं आणि माफी मागितली. तो हसला. ‘मला वाटलं तुम्ही पण अण्णांच्या पार्टीच्या.’ अण्णा म्हणजे त्याचे वडील.

तिथून आमचं काम सुरू झालं.

आधी झोप, भूक, चिडचिड, सकाळी उठवेनासं होणं, सगळं नीट विचारून घेतलं. नैराश्य असेल तर आधी त्याचे उपचार करायचे. नैराश्यात माणसाला आहे ते सगळंच नकोसं वाटतं, नोकरीसुद्धा, आणि तेव्हाचे निर्णय नंतर छळतात. याला नैराश्य नव्हतं. कंटाळा होता, आणि एक मॅनेजर होता.

मी विचारलं, ‘उद्या हा मॅनेजर बदलून गेला तर?’

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसला. मग म्हणाला, ‘मग कदाचित हा मेल वर्षभर पुढे ढकलेन.’

स्वतःशी प्रामाणिक राहणं म्हणजे मला तरी हे असंच दिसतं. आपल्या आवडीविषयी छान बोलणं सोपं असतं. त्या आवडीत पळ काढण्याचा वाटा किती आहे, हे कबूल करणं जड जातं. रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने 2003 मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस ती गोष्ट मोकळेपणाने करतो आणि बाकीच्या आयुष्यातही तिला जागा असते. दुसऱ्यात ती गोष्ट माणसाच्या मानगुटीवर बसते. ती जमली नाही तर मी कोणीच नाही, असं वाटायला लागतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

याच्या बोलण्यातून ते कळत होतं, आणि तेही एका अक्षरावरून. ‘मला हेच करायचंय, मला ते जमलंच पाहिजे, घरच्यांना कळलंच पाहिजे.’ एका दमात तीन ‘च’. आल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात या हट्टाग्रहाला फार महत्त्व आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागतो, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. मी त्याला तेच वाक्य ‘च’ काढून म्हणायला लावलं. ‘मला हे करायचंय. जमलं तर आवडेल. घरच्यांना कळलं तर बरं वाटेल.’ म्हणाला, ‘मॅडम, हे फारच मिळमिळीत वाटतंय.’ वाटणारच. पण त्या वाक्यावर हिशेब मांडता येतो, आधीच्या वाक्यावर येत नव्हता.

त्याला एक काम दिलं. राजीनामा राहू दे. शुक्रवारी रात्री पुण्याहून महालक्ष्मी पकड, सकाळी मिरजेत उतर, आणि कारागीर सांगेल ते कर. दर शनिवारी. घोडीला हात लावायला मिळेल अशी अपेक्षा धरू नकोस.

मिळालाच नाही. पहिले सात शनिवार त्याने वाळके भोपळे आतून खरवडले, झाडलोट केली आणि चहा आणला. ज्यांच्याकडे जात होता त्यांना तो चाचा म्हणतो. चाचा त्याला ‘इंजिनियर’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं. आठव्या शनिवारी त्यांनी एक बाद घोडी आणि कानस हातात दिली. त्या घोडीचं त्याने संध्याकाळपर्यंत वाटोळं केलं. हे मला सांगताना बोटांवरच्या चिकटपट्ट्या दाखवत होता आणि चेहऱ्यावर वैताग होता. मी विचारलं, पुढच्या शनिवारी जाणार? तो म्हणाला, ‘म्हणजे काय? घोडी अर्धीच राहिलीय.’

मला जी माहिती हवी होती ती या उत्तरात होती.

दरम्यान आकडे मांडले. समुपदेशनात आकडे कशाला, असं काही सहकारी म्हणतात. माझ्या अनुभवात निम्मी भीती आकडे न मांडल्यामुळेच असते, आणि उरलेल्या निम्म्या भीतीला सबळ कारण असतं. हातात पगार 78,000. फ्लॅटचं कर्ज 35 लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता साधारण 30,400. घरी पाठवायचे 12,000. साठलेले 4,10,000. आणि दोन गोष्टी अशा, ज्यांचा त्याने विचारच केला नव्हता. एक, तो आला तेव्हा नोकरीला चार वर्षं एक महिना झाला होता. ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. मूळ वेतन 38,000, म्हणजे पाच वर्षांचे सुमारे 1,09,000. त्या रात्री मेल पाठवला असता आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड धरला असता तरी हे पैसे बुडाले असते. दुसरी, आईचा मधुमेह कंपनीच्या गटविम्यात होता. नोकरी गेली की विमा गेला, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती चौकशी नोकरी सोडायच्या आधी करायची असते, नंतर नाही.

मग अण्णा आले.

एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, खुर्चीच्या कडेवर बसले. मुलाला खात्री होती की वडील म्हणणार, ‘सुतारकाम करायला इंजिनियर केला का?’ ते असं काही म्हणाले नाहीत. ‘मॅडम, कामाची लाज नाही मला. आयुष्यभर ग्रीसचे हात घेऊन जेवलोय. पण माझी पेन्शन महिन्याला दोन हजार नऊशे आहे. मी पडलो तर याच्याच अंगावर, आणि हा पडला तर मी याला धरू शकत नाही.’ मुलगा खाली बघत होता. घरात इतके दिवस वाद चालला होता आणि हा आकडा एकदाही बोलला गेला नव्हता.

मग त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, ‘ते चाचा म्हणतोस, त्यांची पोरं काय करतात रे?’

मुलाला माहीत नव्हतं. इतके शनिवार जाऊन त्याने हे विचारलं नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, हे मान्य करते.

तो विचारून आला. थोरला एमआयडीसीत नोकरीला. धाकटा याच धंद्यात, पण वाद्यं ऑनलाइन विकतो. त्या धाकट्यानेच सांगितलं की नवीन तंबोरे बनवण्यापेक्षा दुरुस्तीत हात बसला तर पोट भरेल. आणि दुरुस्तीला लागणारी माणसं मिरजेत कुठे आहेत? गाणारे पुण्या-मुंबईत. जवारी बिघडली की त्यांना वाद्य मिरजेला पाठवावं लागतं किंवा कारागिराच्या फेरीची वाट बघावी लागते. डिसेंबरात सवाई गंधर्वच्या सुमाराला तर पुण्यात तंबोऱ्यांची धावपळ असते.

म्हणजे सगळं सोडून मिरजेला जाऊन राहण्याचं जे चित्र त्याने आठ महिने रंगवलं होतं, त्यातला ‘सगळं सोडून’ हा भाग कामाला लागतच नव्हता. शिकणं मिरजेत, पोट पुण्यात. हे त्याला आवडलं नाही. दोन भेटी तो रुसल्यासारखाच होता. आपल्या स्वप्नातला नाट्यमय भाग काढून घेतला की माणसं रुसतात, मग उरलेलं स्वप्न किती का चांगलं असेना.

विस्कॉन्सिनमधल्या जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांचा 2014 चा एक अभ्यास मी त्याला सांगितला. नोकरी टिकवून धंदा सुरू करणाऱ्या आणि नंतर पूर्ण वेळ त्यात उतरणाऱ्या माणसांचं धंदा बंद पडण्याचं प्रमाण, एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. अमेरिकेतली माहिती आहे, आपल्याकडे जशीच्या तशी लागू करू नये. पण त्याला तिचा उपयोग झाला. हळू जाणं म्हणजे घाबरटपणा, हे त्याच्या डोक्यातून गेलं.

पाच वर्षं आणि दोन महिने झाल्यावर त्याने राजीनामा दिला. ड्राफ्टमधला नाही, तो त्याने उघडून बघितला आणि म्हणाला, ‘यात मी फार चिडलेला दिसतोय.’ नवीन चार ओळींचा लिहिला. दुसऱ्या एका ठिकाणी आठवड्यातून तीन दिवसांचं टेस्टिंगचं कंत्राट घेतलं, 42,000 चं. हप्ता, घर आणि स्वतःचा खर्च मिळून महिन्याला 57,000 च्या आसपास लागतात. म्हणजे पंधरा हजार दुरुस्तीतून यायला हवेत, नाहीतर साठवलेल्यातून जाणार.

शेवटची एक गोष्ट आम्ही कागदावर लिहिली: थांबायची तारीख. अठरा महिन्यांत सलग तीन महिने पंधरा हजार आले नाहीत तर पूर्ण वेळ नोकरी, आणि जवारी शनिवार-रविवार. ही अट मी घातली नाही, त्याने घातली. कागद ठेवायला अण्णांकडे दिला. त्यांनी तो एलआयसीच्या पावत्यांच्या फायलीत लावला.

आता पंधरा महिने झालेत. डिसेंबरात 19,000 आले. एका गायिकेच्या तंबोऱ्याची घोडी त्याच्या हातून बिघडली, ती स्वतःच्या पैशांनी नवी बसवून दिली आणि दोन रात्री झोपला नाही. गेल्या महिन्यात 11,300. चाचा अजून ‘इंजिनियर’च म्हणतात.

येत्या मंगळवारी तो येतोय. काय बोलायचंय ते आधीच मेसेज करून ठेवलंय: ‘मॅडम, तारीख सहा महिने पुढे ढकलता येईल का?’ मी फक्त एवढंच लिहिलंय, की येताना अण्णांकडून तो कागद घेऊन ये.